धुळीचा फोटो

लॅबवाल्या बाईंच्या घरात धुळीला थारा नव्हता. इस्पितळाच्या लॅबमध्ये चौतीस वर्षं रक्ताच्या नळ्या आणि मायक्रोस्कोपच्या काचा हाताळून तो हात असा काही तयार झाला होता की निवृत्तीनंतर त्यानं सगळं घरच तपासायला घेतलं. पाहुणा उठून गेला की खुर्ची पुसली जाई. पाहुणा चिवट असला तर तो बसलेला असतानाच पुसली जाई. अशा बाईंनी संसार केला तो लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाबरोबर. त्याच्या नखांतलं ग्रीस निघायला सगळा रविवार लागे आणि सोमवारी दुपारपर्यंत ते पुन्हा जागेवर हजर असे. इमारतीत त्यांना सगळे लिफ्टवाले काका म्हणत. एक बाई आणि एक काका, अशी ही जोडी कानाला विचित्र लागायची, पण दोघांच्या सवयी बघता तेच बरोबर होतं.

काकांना वेड होतं आकाशाचे फोटो काढायचं. इमारतीत नवी लिफ्ट बसली तेव्हा गच्चीवरची जुनी मशीनरूम रिकामी पडली. काकांनी ती मागून घेतली. तिचं छप्पर कापलं, ते जुन्या लिफ्टच्याच रुळांवर सरकतं केलं आणि मधोमध दुर्बीण बसवली. तिचा तोल सांभाळायला काउंटरवेटचे तुकडे लावले. सुरुवातीला चंद्र, मग शनीची कडी, गुरूचे पट्टे, आणि हात बसल्यावर तेजोमेघ आणि दीर्घिका. या फोटोंचं एक आहे, एकदा बटण दाबून काम भागत नाही. आकाशाच्या एकाच तुकड्याचे पाच-पाच मिनिटांचे शेकडो फोटो काढायचे, ते संगणकावर एकावर एक रचायचे, तेव्हा कुठे त्या काळोखातून काहीतरी वर यायला लागतं. एका चित्राला महिना लागला तरी काका त्याला लवकर झालं म्हणत.

झालेलं चित्र छापून, चौकट करून घराच्या पॅसेजमध्ये लागे. चित्राखाली काका स्वतःच्या हातानं तपशील लिहीत. काय आहे, किती रात्री, किती तास, कॅमेरा कोणता. हौशी मंडळींत ही रीतच असते, पण काकांची शेवटची ओळ बाकी कुणाच्या चित्राखाली नसायची. ती ओळ अशी: "चहा: बाई."

कारण फोटोच्या रात्री बरोबर तीन वाजता बाई थर्मास घेऊन गच्चीवर जात. तीनला माणूस खुर्चीत पेंगतो आणि थंडी हाडांत शिरते, हे त्यांना रात्रपाळ्यांमुळे पक्कं ठाऊक होतं. जाताना जिना डोक्यावर घेत. या वयात ही कसली थेरं, माणसानं रात्री झोपावं की नाही, असं सगळं पुटपुटून होई. पण वर गेल्या की दहा मिनिटं बसत. काका काहीतरी दाखवत, बाई मान डोलवत, कप परत घेऊन खाली येत. या नेमाला त्यांनी कधी खाडा केला नव्हता.

शेवटचं चित्र काकांनी धरलं ते ध्रुवताऱ्याच्या शेजारच्या धुळीचं. तिथे ताऱ्यांच्या मधल्या जागेत धुळीचे पडदे पसरलेले असतात, इतके फिकट की दहा-वीस तासांत कॅमेऱ्याला दिसतसुद्धा नाहीत. काकांनी शंभर तासांच्या वरचा हिशेब मांडला. बाईंनी हे ऐकल्यावर कपाळाला हात लावला. घरातली धूळ याला कधी दिसली नाही आणि तिथली फोटो काढण्याइतकी आवडली, असं त्या लेकीला फोनवर सांगत. लेक दूरच्या शहरात नोकरीला होती. ती हसत असे.

त्या साडेतीन महिन्यांत मात्र काकांनी बाईंना मशीनरूममध्ये फडकं आणायची बंदी केली. कॅमेऱ्याच्या पुढ्यातल्या काचेवर धुळीचे कण बसतात. त्यांच्या सावल्या प्रत्येक फोटोत पडतात, करड्या गोल डागांसारख्या. त्यावर उपाय साधा आहे. सगळं काम झालं की दुर्बिणीच्या तोंडावर पांढरं कापड ताणायचं आणि संध्याकाळच्या उजेडात नुसत्या कापडाचे फोटो काढायचे. त्यात दुसरं काहीच नसतं, फक्त ते डाग उमटतात. मग संगणक या फोटोंच्या आधारानं मूळ चित्रातले डाग काढून टाकतो. अट एकच: कापडाचा फोटो होईपर्यंत प्रत्येक कण आपल्या जागी राहिला पाहिजे. हे सगळं बाईंना एका वाक्यात कळलं. लॅबमध्येही तपासणीआधी रिकाम्या नळीचं रीडिंग घेतात, त्याला ब्लँक म्हणतात, आणि ते नसेल तर पुढचे सगळे आकडे फुकट. "म्हणजे तुमच्या धुळीचा ब्लँक," त्या म्हणाल्या. काका खूश झाले. इतक्या वर्षांत आकाशाचे फोटो काढणाऱ्यांच्या क्लबातल्या कुणालाही त्यांना हे इतक्या लवकर समजावता आलं नव्हतं.

कळणं वेगळं आणि हाताला सांगणं वेगळं. सदतिसाव्या संध्याकाळी, म्हणजे शेवटच्या रात्रीच्या आधी, बाई काही कामानं वर गेल्या आणि सवयीनं पदरानं टेबल पुसायला लागल्या. काका ओरडले. ते सहसा ओरडत नसत, म्हणून जास्त लागलं. तुझा हात लागला की माझे तीन महिने गेले, असं म्हणाले. बाईंचा चेहरा पाहून मग आवाज खाली आणला आणि म्हणाले, आजची शेवटची रात्र, उद्या कापड लावलं की संपलं, मग पूस काय पुसायचंय ते. पण बाई तोवर जिन्याशी पोचल्या होत्या. त्या रात्री त्यांनी थर्मास भरला नाही. तीनचा गजर वाजला तो त्यांनी बंद केला आणि कूस बदलली. बसू दे एक रात्र बिनचहाचं, असं त्यांच्या मनात आलं. हे त्यांना पुढे शब्दन् शब्द आठवत राहिलं.

साडेपाचला जाग आली तेव्हा शेजारची बाजू गार होती. काका साधारण पाचपर्यंत खाली येत. बाई तशाच उठून गच्चीवर गेल्या. काका दुर्बिणीच्या तीन पायांच्या तिकाटण्याशी आडवे पडले होते, तोंड एका बाजूला वाकडं, उजवा हात अंगाखाली. बाई धावल्या. तिकाटण्याचा पाय त्यांच्या गुडघ्याला जोरात लागला, पण ते दुपारी कळलं. किती वेळ झाला, कधी पडलात, असं त्या विचारत राहिल्या. काकांच्या तोंडातून एकच शब्द कसाबसा बाहेर आला. "आत्ताच."

तो शब्द बाईंनी इस्पितळात डॉक्टरांना सांगितला, लेकीला सांगितला, शेजारपाजारी सांगितला. सगळे म्हणाले, बाईंनी एक मिनिट वाया घालवलं नाही. मेंदूतल्या गुठळीचं इंजेक्शन आल्या आल्या दिलं गेलं. त्याचा गुण मात्र यावा तितका आला नाही. इतक्या लवकर आणूनही उजवी बाजू गेली याचं डॉक्टरांनाही थोडं नवल वाटलं. असं होतं कधी कधी, ते म्हणाले. बाईंनी त्या "आत्ताच"ला घट्ट धरून ठेवलं होतं. तीनला चहा नेला असता तरी काय फरक पडला असता, माणूस तर पाचनंतर पडला. असं म्हटलं की त्यांना तेवढ्यापुरती झोप लागे.

काकांची जीभ हळूहळू थोडी सुटली. इस्पितळात त्यांनी बोललेलं पहिलं धड वाक्य होतं, "इथल्या लिफ्टचं दार घासतंय." बाई हसल्या आणि मग बाहेरच्या बाकावर बसून रडल्या. पाचव्या आठवड्यात डॉक्टरांनी त्यांना बाजूला घेतलं. आणखी एक झटका येणार, तो यातून उठू देणार नाही, आठवडे समजा, महिने समजू नका. घरी न्या, जे आवडतं ते करू द्या.

आवडतं म्हणजे काय हे बाईंना कुणी सांगायची गरज नव्हती. ते चित्र पुरं व्हायचं होतं आणि ते काकांनी बघायचं होतं. दोन्ही एका माणसाच्या श्वासावर टांगलेलं होतं.

घरी आणण्याच्या आदल्या दिवशी बाईंनी घर धुऊन काढलं आणि मग मशीनरूमकडे मोर्चा वळवला. उद्या संपलं, मग पूस, हे शब्द त्यांच्या डोक्यात होते. तो उद्या तर केव्हाच होऊन गेला होता. काका आता वर कधी जाणार नव्हते, पण त्यांची वस्तू स्वच्छ असावी एवढंच बाईंच्या हातात उरलं होतं. भांडणाची भरपाईसुद्धा त्यात होती, ते त्या कुणाजवळ बोलल्या नसत्या. त्यांनी कॅमेरा उघडला. मायक्रोस्कोपची काच पुसतात तसा पातळ कागद घेतला, स्पिरिटचा थेंब लावला आणि एकाच दिशेनं, न दाबता, काच पुसली. चौतीस वर्षांच्या सरावाचं काम होतं ते. काचेवर एक कण शिल्लक राहिला नाही.

संगणक खाली आणून काकांच्या पलंगाशेजारी ठेवला. काका सांगत, बाई माऊस चालवत. दोघांचा मिळून एक धड हात आणि एक धड डोकं होतं, असं बाई म्हणत. तिसऱ्या दिवशी काका म्हणाले, "आता कापड लाव." तेव्हाही बाईंच्या लक्षात आलं नाही. त्यांनी संध्याकाळी वर जाऊन पांढरं कापड इस्त्री करून ताणून बसवलं, सांगितले तितके फोटो काढले. खाली आणले. संगणकानं रात्रभर रचना केली. सकाळी पडद्यावर चित्र उमटलं तेव्हा त्यात धुळीचे फिकट पडदे होते आणि त्यांच्यावर ठिकठिकाणी करडे गोल डाग होते. डाग जास्त ठळक आणि पडदे कमी.

काका बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "पुसलंस?"

बाईंना आत्ता कळलं. ब्लँक घेण्याआधी नळी धुतली होती. लॅबमध्ये नव्या पोरींना त्या ज्या चुकीबद्दल फाडून खात, तीच चूक, आणि तीही नवऱ्याच्या शेवटच्या कामात. त्या फक्त हो म्हणाल्या. काका रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. "जाऊ दे," ते म्हणाले, "धुळीचा फोटो, धुळीसकट."

बाईंनी विचारलं, डाग हातानं रंगवून झाकता येत नाहीत का, तुमच्या क्लबातली माणसं करतात तसं. काकांनी मान हलवली. त्यांचा एक नियम होता आणि तो या घरात सगळ्यांना पाठ होता. जे आलं नाही ते रंगवायचं नाही, जे आलं ते पुसायचं नाही. मग ते थोडं थांबून म्हणाले, "एक कर. शेवटच्या रात्रीचं फोल्डर काढून टाक. हललेलं आहे सगळं. काही नाही त्यात."

बाईंनी बरं म्हटलं. काका औषधाच्या गुंगीत गेले.

दोन दिवस बाईंना अन्न गोड लागलं नाही. लेकीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, आई, बाबा चिडले नाहीत ना, मग सोड. पण बाईंना सोडता येईना. त्या काच तर परत मळवू शकत नव्हत्या. तेच कण, त्याच जागी, कुठून आणणार? कुठेतरी त्या कणांचा जुना फोटो हवा होता, ताऱ्यांशिवायचा, नुसत्या पांढऱ्यावर. काम पुरं झाल्याशिवाय कापड लावायचं नाही हा काकांचा शिरस्ता, म्हणजे तसा फोटो कुणी काढलाच नव्हता.

आणि मग तिसऱ्या दिवशी दुपारी, कपड्यांच्या घड्या घालता घालता, हातात पांढरी चादर असताना त्यांना सुचलं. त्या सकाळी कॅमेरा बंद कुणी केला होता? कुणीच नाही. काकांना खाली नेलं, इस्पितळात नेलं, छप्पर शेजाऱ्यानं नंतर सरकवलं. कॅमेरा त्याच्या ठरल्या हिशेबानं पाच-पाच मिनिटांचे फोटो काढत राहिला असणार. आणि वर उजाडलं असणार. उजाडताना आकाश आपलं आपण पांढरं होतं. तारे बुडून जातात. सगळ्या आकाशभर एकसारखं कापड ताणलेलं.

काका झोपले होते. बाईंनी खुर्ची हळूच ओढली आणि शेवटच्या रात्रीचं फोल्डर उघडलं. काढून टाक म्हटलं होतं ते त्यांनी अजून काढलं नव्हतं. प्रत्येक फोटोच्या नावात वेळ होती. त्यांनी शेवटून सुरुवात केली. सहा अकरापासून पुढचे सगळे फोटो पांढरेफटक, कामाचे नाहीत. त्याआधीचे मात्र असे होते की बाईंनी तोंडावर हात धरला. पाच एकेचाळीसपासून सहा वाजून सहा मिनिटांपर्यंत सहा फोटो, मऊ करडे, आणि त्यांच्यावर ते सगळे डाग, एकूण एक, आपापल्या जागी. खाली काकांना जिन्यावरून उतरवत होते तेव्हा वर कॅमेरा त्यांची धूळ टिपत होता.

इथेच थांबल्या असत्या तर काही बिघडलं नसतं. पण सहा पुरेत का, अजून एखादा मिळतो का, म्हणून त्या आणखी मागे गेल्या. पाच एकतीसचा फोटो आला. त्यात अजून तारे होते, पण प्रत्येक ताऱ्याला आकडा फुटला होता, एका जागी रेघ आणि मग झटक्यानं दुसरीकडे. बाईंना क्षणभर कळेना. मग त्यांचा हात आपोआप गुडघ्यावर गेला. ती त्यांची धडक होती. त्या धावल्या, तिकाटण्याला आपटल्या, दुर्बीण हलली आणि आकाशातल्या प्रत्येक ताऱ्यानं त्याची नोंद केली.

म्हणजे काका पडले तेव्हाही दुर्बीण हलली असणार. ते तिकाटण्याला धरून पडले असणार. बाई मागे जाऊ लागल्या. आत्ताच, म्हणजे पाच सव्वीस. तारे थोडे ओघळलेले होते, पण झटका नव्हता. पाच एकवीस, नाही. पाच सोळा, नाही. पाच. पावणेपाच. साडेचार. प्रत्येक फोटो उघडताना त्यांना वाटे, आता पुढच्यात असेल. चार. पावणेचार. तीन एकतीसच्या फोटोत एक लहानसा आकडा दिसला. तीन सहाला त्याहून मोठा. दोन छप्पन्नला आणखी एक. आणि दोन एकेचाळीसला सगळं आकाश एका बाजूला फेकल्यासारखं झालं होतं. दोन छत्तीसला तारे ठिपक्यांसारखे शांत होते.

चार झटके. पहिला पडण्याचा. पुढचे तीन उठण्याचे. त्या माणसानं तिकाटण्याला धरून तीनदा उठायचा प्रयत्न केला होता, प्रत्येक वेळी कमी जोरानं, आणि साडेतीननंतर सोडून दिला होता. त्यानंतर दोन तास हललेल्या दुर्बिणीपुढून तारे नुसते ओघळत होते. मधला तीन सहाचा आकडा बाईंच्या डोळ्यांपुढून हलेना. त्या वेळी त्या थर्मास घेऊन वर असत. नेहमी असत.

काकांना सगळं ठाऊक होतं. जिना चढून आलेल्या घाबऱ्या बायकोकडे बघून, अर्ध्या तोंडानं, त्यांनी तो एकच शब्द निवडला होता. आणि आता हे फोल्डर काढून टाक म्हणाले होते. चित्रावर डाग राहिले तर राहू देत, हिच्या मनावर नको. इतकी वर्षं रात्र रात्र जागून ज्यानं एक तारा वाकडा खपवून घेतला नाही, त्यानं हे ठरवलं होतं. बाई त्या पडद्यासमोर रडल्या. आवाज होऊ नये म्हणून चादर तोंडात धरली.

मग त्यांनी तोंड धुतलं आणि कामाला लागल्या. फोल्डर काढून टाकलं असतं तर दोघांचंही सोपं होतं. तो गप्प, ही गप्प, आणि चित्र डागांचं. पण बाईंनी आयुष्यात कधी रिपोर्ट बदलला नव्हता. त्यांनी ते सहा फोटो निवडले, काकांनी शिकवलं होतं तसं संगणकाला सांगितलं आणि रचना सुरू करून दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी काका जागे होते, उशीला टेकून बसवलेले. बाईंनी पडदा त्यांच्याकडे वळवला. चित्रात एकही डाग नव्हता. ध्रुवताऱ्याच्या भोवती धुळीचे पडदे एकात एक मिसळत गेले होते, फिकट तपकिरी, मधूनच निळसर, कडेला इतके विरळ की संपले कुठे ते सांगता येऊ नये. काकांनी आधी ते सगळं पाहिलं. मग त्यांची नजर जिथे जिथे डाग होते त्या जागांवर एकेक करून गेली. शेवटी ती चित्रावरून निघून बाईंवर आली.

"त्या फोल्डरमधून," ते म्हणाले.

"हो."

"काढून टाक म्हटलं होतं."

"तुमचं सगळं ऐकलं असतं तर या घरात पाय ठेवायला जागा राहिली नसती." एवढं बोलून बाई पलंगाच्या कडेवर बसल्या. "दोन एकेचाळीस," त्या म्हणाल्या.

काकांनी डोळे मिटले. डाव्या हातानं चादरीवर काहीतरी चाचपलं, तेव्हा बाईंनी आपला हात तिथे ठेवला. ते हळूहळू, शब्द गोळा करत बोलले. तू धापा टाकत आली होतीस. दुसरं काही सुचलं नाही.

"आता खरं सांगा," बाई म्हणाल्या. "हाक मारली होती?"

"मारली. आवाज निघेना."

"भीती वाटली?"

काकांनी डोळे उघडून छताकडे बघितलं. मग ते म्हणाले, "वाटली. मग वर बघत राहिलो. बरं वाटलं. मग परत वाटली."

बाईंनी त्यांच्या हातावर कपाळ टेकलं. मला माफ करा असं म्हणायचं होतं, पण घरात ते शब्द कधी वापरात नव्हते आणि आता तोंडातून निघेनात. काकांची बोटं त्यांच्या केसांत थोडी हलली.

संध्याकाळी काकांनी तपशील लिहायला सांगितला. ते सांगत गेले आणि बाई त्यांच्या लॅबच्या बारीक, सरळ अक्षरात लिहीत गेल्या. ध्रुवताऱ्याजवळची धूळ. सदतीस रात्री. एकशे अकरा तास. मग दुर्बीण, मग कॅमेरा. कापडाच्या फोटोंची ओळ आली तेव्हा बाई थांबल्या. "वेळ लिही," काका म्हणाले. बाईंनी लिहिलं: कापडाऐवजी पहाटेचं आकाश, सहा फोटो, ५:४१ ते ६:०६. आणि पेनाला टोपण लावलं.

"शेवटची ओळ," काका म्हणाले.

"नको."

"लिही."

"त्या रात्री नेला नव्हता मी."

"बाकीच्या?"

बाईंनी पेनाचं टोपण आणखी घट्ट दाबलं.

"छत्तीस," बाई शेवटी म्हणाल्या.

"जे आलं नाही ते..." काकांनी सुरू केलं आणि त्यांचा दम संपला. पुढचं बाईंना पाठ होतं. त्यांनी टोपण काढलं. डोळ्यांपुढे सगळं पाण्यासारखं हलत होतं, म्हणून एकेक अक्षर थांबून थांबून काढलं. मग कागद काकांच्या समोर धरला.

चहा: बाई. सदतीसपैकी छत्तीस रात्री.

काकांनी ती ओळ सावकाश वाचली, लिफ्टचं काम संपल्यावर शेवटी एकदा दार उघडून मिटून बघत तशी, दोनदा.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "लाव आता भिंतीला."